एक वेळचं तरी घरी शिजू द्या

प्रिय आई-बाबा,

बाबा म्हणाले की डबा आता दोन्ही वेळचा लावलाय, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, फोनवर टीव्हीच्या आवाजात नीट बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. आईचे गुडघे दुखतात, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, हे मला मान्य आहे आणि तिने पुन्हा पहिल्यासारखं सगळं एकटीने करावं असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण एक वेळचं तरी घरी शिजू द्या, आणि ते दोघांनी मिळून करा.

पहिलं कारण बाबांचं बीपी. दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं डब्ल्यूएचओ सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि लोणचं पापड फरसाण सगळं त्यातच आलं. म्हणजे तुम्हा दोघांना मिठाचा एक किलोचा पुडा 100 दिवस तरी पुरायला हवा. पुड्यावर फोडल्याची तारीख लिहिली की हा हिशोब घरी आपोआप लागतो, डब्यातल्या रस्साभाजीत किती मीठ पडलंय हे कुणाला कळणार? डबेवाल्या काकू मनापासून करतात, पण त्यांना सगळ्या गिऱ्हाइकांना चालेल अशी चव ठेवावी लागते, एकट्या बाबांसाठी कशी बदलणार. आणि बाबा, ते लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका हं, त्यात पोटॅशियम असतं आणि तुमच्या बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीनेसुद्धा रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

दुसरं म्हणजे प्रोटीन. वय झालं की स्नायू झिजतात, जिना चढताना पाय भरून येतात, आणि डब्यातलं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. घरी वरण घट्ट करा, मुगाची उसळ करा, पिठलं तर दहा मिनिटांत होतं आणि बाबांना आवडतं पण. नाचणीची आंबील आईसाठी, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडांना लागतंच.

पण खरं सांगू, मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या दिवसाची वाटते. डबा आला, उघडला, खाल्ला, परत टीव्ही. बाबांनी सकाळी मंडईत जाऊन मेथी आणली, दोघांनी बसून निवडली, आईने खुर्चीत बसून फोडणी कशी द्यायची ते सांगितलं आणि बाबांनी दिली, तर तास दीड तास बोलण्यात जातो, पायी चालणं होतं, आणि फोडणीचा वास सुटला की आपसूक भूक लागते. आई, तुझी भूक कमी झालीय हे तू सांगत नाहीस पण मला कळतं. बाबा, कुकर लावणं आणि भाजी चिरणं एवढं तुम्ही घ्याच, सगळं परत आईवर पडणार असेल तर यातलं काहीच नको.

रात्रीचा डबा चालू राहू दे. पाठ टेकायला येईल असं उंच स्टूल ऑर्डर केलंय, ओट्याच्या उंचीला जुळेल असं आहे, शनिवारपर्यंत येईल. मावशींना विचारून ठेवा, सकाळी येऊन भाकरी आणि भांडी दोन्ही करतील का, त्यांच्या वाढीव पैशांचं मी बघते.

तुमची,
मनू