साइडकास्टच घ्यायचं, पण रॉडसकट

ब्रिस्बेन,
जुलैचा पहिला आठवडा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

धाकट्याने फोन मधेच ओढून घेतला आणि मासे गरवायच्या रीलचं, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाचं, बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले. त्याला मोबाइलवर दिसलेलं ते सोनेरी स्पिनिंग रील हवंय आणि तुम्हाला "तिकडचे म्हातारे ते चाक आडवं फिरवून टाकतात, ते" हवंय. माझं मत तुमच्या बाजूने आहे. का, ते सांगते. त्याने काही मागवायच्या आत हे पत्र त्याला वाचून दाखवा.

त्या चाकाला इथे साइडकास्ट म्हणतात. ब्रिस्बेनच्याच चार्ल्स अल्वी यांनी १९२० मध्ये ही रीलं बनवायला सुरुवात केली आणि क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर 'अल्वी' म्हणजेच साइडकास्ट असं होऊन गेलं. २०१७ मध्ये कारखाना बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा इथली माणसं घरातलं कोणी गेल्यासारखी हळहळली होती. पुढे नवा मालक मिळाला आणि रीलं निघत राहिली. आजही पहाटे वाळूवर गेलं की चार जुन्या माणसांपैकी दोघा-तिघांच्या हातात तेच चाक दिसतं.

यात गिअर नाही. विहिरीवरच्या रहाटासारखं सरळ काम: हँडल एकदा फिरवलं की चाक एकदाच फिरतं. तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, टाकायच्या वेळी खटका दाबून चाक काटकोनात वळवायचं, म्हणजे त्याचं तोंड रॉडच्या टोकाकडे होतं. चाक जागच्या जागी राहतं आणि तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत सुटते. वजनाला लावलेलं शिसं पाण्यात पडलं की चाक परत सरळ करायचं आणि गुंडाळायचं. चाकच फिरत नसल्यामुळे ते पुढे धावून तंगुशीचा गुंता होण्याची भानगड नाही. नवशिक्याला पहिल्याच सकाळी बऱ्यापैकी लांब टाकता येतं.

धाकटा म्हणेल, हे गुंडाळायला फार वेळ लागतो. खरंच लागतो. ६ इंची चाक पूर्ण भरलेलं असलं तरी एका फेऱ्यात जेमतेम हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर तंगूस आत येते. मोठं स्पिनिंग रील त्याच्या दुप्पट ओढतं. ज्याला दिवसभर चकाकता पत्रा (खोटं आमिष) पाण्यात फेकून झरझर ओढायचा आहे, त्याने साइडकास्टच्या वाटेला जाऊ नये. पण तुम्ही आमिष लावून टाकणार आणि थांबणार. देवबागला तुम्ही हातातल्या दोरीवर जे करता, तेच. तिथे घाई कशाला लागते?

आणि दुसरं, वाळू. त्या सोनेरी रीलच्या पोटात बारीक दाते, बेअरिंगं, स्प्रिंगा असतात. एकदा ओल्या वाळूत पडलं की करकर सुरू. साइडकास्टमध्ये आत शिरून बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. लाटेत बुचकळून वाळू काढतात, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतात, अधूनमधून मधल्या दांड्याला ग्रीस लावतात. मालवणात त्याचे सुटे भाग मिळणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून तर कमी भाग असलेली वस्तू बरी.

आता मुख्य गोष्ट. रील एकटं घेऊन उपयोग नाही. तुमच्याकडे पडून असलेल्या त्या काळ्या रॉडवर हे बसवू नका. त्याची रील अडकवायची जागा बुडापासून दोन फूट वर आहे. साइडकास्ट रॉडवर ती अगदी खाली, बुडापासून वीतभरसुद्धा नसते, आणि तंगूस जिच्यातून जाते ती पहिली कडी खूप वर आणि चांगली रुंद असते. कारण चाकावरून सुटणारी वेटोळी मोठी असतात. त्यांना निमुळतं व्हायला अंतर लागतं. कडी जवळ आणि लहान असली की तंगूस तिच्यावर आपटते आणि शिसं निम्म्यात पडतं. मग माणूस रीलला शिव्या घालतो. दुकानात मी लोकांना हेच करताना बघते: रील चांगलं उचलतात आणि रॉड स्वस्त म्हणून भलताच घेतात.

इथे लाटेपलीकडे टाकायला बारा फुटी रॉड सर्रास वापरतात. तुमच्यासाठी मी दहा फुटी बघतेय, दोन तुकड्यांचा. एक तर पाच-पाच फुटांचे तुकडे विमानात कसेबसे नेता येतील. दुसरं म्हणजे बारा फुटी रॉड दोन तास हातात धरून तुमचा खांदा काय म्हणेल ते आईला विचारा. फायबर ग्लासचाच घेणार. कार्बनचा हलका असतो, पण दगडावर आपटला की तडकतो, आणि आपल्या ओसरीवर कोण काय कशावर ठेवेल याचा नेम नाही.

ड्रॅगचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण धाकटा विचारेल. मासा जोरात ओढायला लागला की ठरावीक ताणावर तंगूस सोडणारी व्यवस्था असलेली साइडकास्टं मिळतात. नवशिक्याला इथले दुकानदार तीच देतात आणि ते चुकीचं नाही. तुमच्यासाठी मात्र मी बिनड्रॅगचं साधं घेणार आहे. मासा पळाला की हँडल सोडायचं आणि तळवा चाकाच्या कडेवर टेकवून ब्रेक लावायचा. गरवायला बसून तुमच्या बोटांना जे कळतं ते कुठल्या स्क्रूला कळणार? फक्त उलटं गरगरणाऱ्या हँडलपासून बोटं लांब ठेवा, सणसणीत लागतं.

या रीलची एक खोड आहे आणि ती लपवून उपयोग नाही. तंगूस कडेवरून सुटते, म्हणून प्रत्येक फेकीला तिला पीळ पडतो. दुर्लक्ष केलं तर ती स्वतःभोवतीच गुरफटते. उपाय दोन. गरीच्या वर स्विव्हल, म्हणजे ती गोल फिरणारी कडी, लावायचीच. दोन लावल्या तर उत्तम. आणि अधूनमधून गरी-शिसं काढून टाकून नुसती तंगूस होडीमागे लांब सोडायची, पीळ आपोआप उलगडतो, मग ओल्या फडक्यात धरून ताणून गुंडाळायची. तंगूस साधी नायलॉनची, ६-७ किलो ताकदीची. धाकट्याची ती रंगीत विणलेली दोरी यावर नको. तिला पीळ पडला की गाठ कापूनच काढावी लागते.

मी गरवते ते ब्रायबी बेटावर, वूरिमला. घरापासून गाडीने तासाभराची वाट, मधे पूल आहे. समुद्रात गरवायला क्वीन्सलँडमध्ये परवाना लागत नाही. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मात्र फी भरावी लागते. ओहोटीला वाळूच्या टेकाडावर उभं राहून आधी पाणी बघायचं. दोन वाळूच्या दांड्यांमध्ये गडद पट्टा दिसला की तिथे खोल आहे. भरती चढायला लागली की मासा त्याच वाटेने आत येतो. इथली व्हायटिंग म्हणजे आपल्या मुडदुशीचीच बहीण, आणि ती लाटेच्या फेसात, गुडघाभर पाण्यात चरते. लोक तिच्या डोक्यावरून पन्नास मीटर पलीकडे टाकतात! आमिष म्हणजे पिपी, आपल्या शिवल्यांसारखे शिंपले. टाच वाळूत फिरवली की पायाखाली लागतात. वाळूतले लांब किडे त्याहून चांगले, पण माशाचा सांगाडा दाखवून त्यांचं डोकं वर काढायचं आणि चिमटीत पकडायचं हे काम मला अजून जमत नाही. ते विकतच आणते.

तुमच्याकडे बंदी आणि खवळलेला समुद्र, आणि इथे नेमका याच महिन्यांत टेलर किनाऱ्याला येतो. तीक्ष्ण दातांचा, भुकेला मासा. तीन गऱ्या एकीत एक ओवून त्यावर अख्खी पिलचर्ड, म्हणजे आपल्या तारलीसारखी मासळी, लावायची. ३५ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडावा लागतो, म्हणून मोजपट्टी पिशवीत असतेच. उत्तरेला गारी बेट आहे, पूर्वीचं फ्रेझर आयलंड. तिथे तो अंडी घालायला जमतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथला काही किनारा गरवायला बंद असतो. टेलरचं रक्त लगेच काढलं नाही तर मांस पिठूळ होतं. आईच्या हिशेबाने तिरफळं घालून तिखलं केलं होतं, छान झालं. तिरफळं संपत आली आहेत.

अजून नक्की काही घेतलेलं नाही. इथे लोकांच्या गॅरेजमध्ये जुनी अल्वी भरपूर निघतात आणि ती नव्याच्या तोडीची चालतात, पण चाकाच्या कडेवर बोट फिरवून बघायला हवं. बारीक खाच असली तरी तंगूस तिथेच कापली जाते. तसं जुनं चांगलं मिळालं तर ते, नाहीतर नवीन ६ इंची. मला दोन गोष्टी कळवा. तुम्ही कुठल्या हाताने गुंडाळणार? मला आठवतं ते उजव्याने, पण खांदा दुखल्यापासून बदललं असेल तर डाव्या हाताचं वेगळं शोधावं लागेल. आणि तुम्ही नेहमी लावता त्या शिशाचं वजन किराणावाल्याच्या काट्यावर करून ग्रॅममध्ये सांगा. रॉड त्यावर ठरेल.

दादा-वहिनींना नमस्कार. आईला वेगळं लिहिते.

तुमची लेक