काकाकुव्यांसाठी मे महिन्यात ये

कॅनबेरा,
१६ फेब्रुवारी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इकडे येण्याचे तू पक्के करतो आहेस, हे वाचून घरात सर्वांनाच आनंद झाला. तिकिटे काढण्यापूर्वी तू दोनच गोष्टी विचारल्या आहेस : घराच्या आसपास पोपट आणि काकाकुवे नीट टिपायचे असतील तर कोणत्या महिन्यात यावे आणि कोणती लेन्स आणावी. उत्तर एका ओळीत देता येईल. मे महिन्यात ये आणि तुझी शंभर ते चारशे मिलिमीटरची झूम लेन्स आण, ती पुरेल. परंतु भारतातून येणारे बहुतेक पाहुणे डिसेंबरात येतात, आणि नाताळच्या सुट्टीचा विचार तुझ्याही मनात असणारच, म्हणून मे का, हे जरा सविस्तर लिहितो.

इथे पोपट शोधावे लागत नाहीत, हे आधी लक्षात घे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात आपण पिंजऱ्यात पाहिलेला तो पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा इथे विजेच्या तारांवर, शाळेच्या मैदानात आणि रस्त्याकडेच्या पिन ओकच्या झाडांवर थव्याथव्याने असतो. ओकची फळे पिकू लागली की झाडाखाली अर्धवट कुरतडलेल्या फळांचा खच पडतो. त्याच्या हुशारीचे कौतुक तुझ्यापर्यंतही पोहोचले असेल. सिडनीत या पक्ष्यांनी चोचीने आणि पायाने कचऱ्याच्या डब्याची जड झाकणे उघडण्याची युक्ती एकमेकांचे पाहून आत्मसात केली. २०१८ पूर्वी ती तीनच उपनगरांत दिसत होती, २०१९ च्या अखेरीस ४४ उपनगरांत पोहोचली, आणि २०२१ मध्ये त्यावरचे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आमच्या गल्लीत डबे अद्याप सुरक्षित आहेत, पण शेजारच्या लाकडी व्हरांड्याचा कठडा त्यांनी असा कुरतडला आहे की घरमालकांनी तो बदलण्याचा नाद सोडून दिला.

छायाचित्रकाराला हा पक्षी वाटतो तितका सोपा नाही. लख्ख उन्हात, मागे निलगिरीची गडद पाने असताना, कॅमेरा त्या अंधाराला भुलून प्रकाश वाढवतो आणि पिसे जळून कागदासारखी सपाट पांढरी होतात. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप खाली आणावे लागते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट करणे). काळ्या काकाकुव्याच्या बाबतीत नेमके उलट. उजळ आकाशासमोरून संथ पंख हलवत, हेल काढून रडल्यासारखे ओरडत तो जातो तेव्हा एक स्टॉप वर न्यावे लागते, नाहीतर शेपटीतला पिवळा पट्टा सोडून हाती केवळ छायाकृती येते. पांढऱ्यांमधली आणखी एक गंमत तुला आवडेल. हे पक्षी जवळपास सगळे डावखुरे असतात, म्हणजे उजव्या पायावर उभे राहून डाव्या पायाने घास चोचीपर्यंत नेतात. एकदा हे ठाऊक झाले की फांदीवरचा पक्षी खायला लागण्यापूर्वीच कोणत्या बाजूने उभे राहायचे, हे ठरवता येते.

गुलाबी आणि राखाडी रंगाचा गलाह काकाकुवा मैदानातल्या गवतात दाणे टिपत फिरतो. मूळचा हा खंडाच्या अंतर्भागातला पक्षी. शेतीसाठी जंगल तोडले गेले, गुरांसाठी पाण्याची सोय झाली, तसा तो पसरत इकडे आला. मादीचे डोळे तांबूस आणि नराचे गडद तपकिरी असल्यामुळे डोळ्यावर उजेड पडलेला एक फोटो मिळाला तरी नर-मादी सांगता येते. त्याच गवतात रेड-रम्प्ड पॅरटची जोडपी असतात, पण ती इतकी हिरवी आणि इतकी निमूट की पाय पडायची वेळ येईपर्यंत लक्षात येत नाहीत. इंद्रधनुष्यी लॉरिकीट साऱ्या ऑस्ट्रेलियाचा लाडका, अंगणातील पक्ष्यांच्या देशव्यापी गणनेत दरवर्षी पहिला येणारा. मला मात्र तो फार भडक आणि फार भांडखोर वाटतो. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढू नकोस, तो आपणहून समोर येईल. किंग पॅरटचा नर डोके आणि छाती लालभडक असलेला, मादी हिरव्या डोक्याची. क्रिमसन रोझेलाची पिल्लेही हिरवीच असतात आणि मोठी होताना ठिगळाठिगळांनी लाल होत जातात. नवख्या माणसाला ती तिसऱ्याच जातीची वाटतात.

आता ज्याच्यासाठी तू मे महिन्यात यावेस, त्या पक्ष्याकडे वळतो. गँग-गँग हा लहानखुरा काकाकुवा आहे. सबंध अंग पाटीच्या रंगाचे, प्रत्येक पिसाला फिकट किनार, आणि नराचे डोके शेंदरी, त्यावर विस्कटलेल्या, पुढे वळलेल्या पिसांचा तुरा. मादीचे डोके राखाडी असले तरी तिच्या छातीपोटावरच्या पिसांच्या कडांना नारिंगी-पिवळी झाक असते आणि चांगल्या उजेडात ती नराइतकीच, माझ्या मते नराहून अधिक, देखणी दिसते. १९९७ पासून हा कॅनबेरा परिसराचा अधिकृत मानचिन्ह-पक्षी आहे, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याची नोंद संकटग्रस्त जातींत केली. २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या डोंगराळ जंगलांतील त्याचा मोठा अधिवास जळाला. आमच्या दक्षिणेकडील नामाजी राष्ट्रीय उद्यानाचाही बहुतांश भाग त्यात होरपळला. असा पक्षी एका देशाच्या राजधानीत, बसथांब्याच्या मागच्या झुडपावर बसून फळे खाताना दिसतो, हे मला अजूनही पचत नाही.

उन्हाळ्यात, म्हणजे इथे डिसेंबर ते फेब्रुवारीत, बरेच गँग-गँग उंचावरच्या जंगलात असतात. थंडी पडू लागली की ते खाली उतरतात आणि शहरातल्या बागांतून हॉथॉर्न, कोटोनिॲस्टर यांसारख्या झुडपांची लाल फळे आणि निलगिरीची बोंडे खात हिंडतात. यातली कित्येक झुडपे बाहेरून आणलेली, तण म्हणून उपटून टाकावीत अशा योग्यतेची आहेत, आणि निसर्गप्रेमी मंडळींची त्यामुळे मोठी पंचाईत होते. ते काहीही असो, तुझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पक्ष्यामागे धावण्यापेक्षा फळांनी लगडलेले झुडूप हेरून ठेवावे. खाताना हे पक्षी गप्प असतात. वरून टपटप पडणारी सालपटे आणि देठ यांच्यावरूनच ते असल्याचे कळते. उडताना मात्र गंजलेल्या बिजागरीसारखा करकरता आवाज काढतात, आणि तो एकदा ओळखीचा झाला की स्वयंपाकघरात चहा करत असतानाही कान टवकारले जातात. माणसाची त्यांना फारशी भीती नसते. हळू चालत, थेट त्यांच्याकडे न पाहता गेलास तर चार-पाच मीटरवरूनही ते खाणे थांबवत नाहीत. चारशेची लेन्स पुरेल असे मी म्हणालो ते याचमुळे. भिगवणला तू खांद्यावर वाहतोस ती सहाशेची तोफ इथे निम्म्या वेळा फोकसच करू शकणार नाही.

एक गोष्ट तुला तिकडच्या अनुभवामुळे चटकन उमजेल. आपल्याकडे राघू पुष्कळदा सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेल्या जुन्या ढोलीत संसार थाटतो. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीत. इथली ढोली फांदी मोडून, बुरशीने आणि वाळवीने आतले लाकूड पोखरून, आगीने होरपळून तयार होते आणि काकाकुव्याला शिरता येईल एवढी व्हायला निलगिरीच्या झाडाला शंभर वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पोपट, काकाकुवे, घुबडे, पॉसम (झाडावर राहणारा पोटपिशवीचा प्राणी) अशा सगळ्यांचा डोळा त्याच ढोल्यांवर. त्यामुळे एखादे म्हातारे, अर्धे वठलेले झाड धोकादायक म्हणून तोडले गेले की त्याची भरपाई नव्या रोपाने निदान आपल्या हयातीत होत नाही. घरामागच्या ब्लॅक माउंटनच्या उतारावर, राष्ट्रीय वनस्पती उद्यानाच्या परिसरात अशी जुनी झाडे आहेत. तिथे ढोलीच्या तोंडाशी बसलेली जोडी दिसली तर फोटो लांबूनच घ्यायचा आणि नेमकी जागा कोणाला सांगायची नाही, असा माझा नेम आहे. तूही तो पाळशील, याची मला खात्री आहे.

डिसेंबरच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येईल. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला शहराच्या उत्तरेकडे, मलिगन्स फ्लॅटच्या जुन्या निलगिरींवर सुपर्ब पॅरट विणीसाठी येतात. सडपातळ, लांब शेपटीचे, वेगाने सरळ रेषेत जाणारे. त्यांना उडताना पाहिले की आपल्या तुईया पोपटाची आठवण होते. नराचा पिवळा चेहरा आणि गळ्याखालचा लाल पट्टा पाहण्याजोगा आहे. पण त्या दिवसांत सकाळी आठलाच ऊन इतके कडक होते की रंग धुऊन निघतात, आणि माश्यांचा उपद्रव वेगळा. मे महिन्याच्या मध्यावर, पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो त्याच सुमारास, इथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३६ अंशांवर असतो. पहाटेचा मऊ प्रकाश म्हणून आपण जो जिवापाड जपतो, त्याच्या जवळ जाणारा उजेड इथे बराच वेळ टिकतो. फक्त तो सूर्य उत्तरेकडे असतो, हे पहिले काही दिवस मुद्दाम स्वतःला बजावावे लागेल, कारण उत्तरेला पाठ करून उभे राहण्याची सवय आपल्याला नसते.

दाणे टाकून पक्षी बोलावण्याविषयी तू काही विचारलेले नाहीस, पण इथल्या अनेक अंगणांत ताटल्या मांडलेल्या तुला दिसतील, म्हणून आधीच लिहितो. एकाच ताटलीत अनेक पक्षी तोंड घालतात आणि चोच व पिसे झडवणारा एक विषाणूजन्य रोग त्यातून पसरतो. पिसे गेलेला, चोच वेडीवाकडी वाढलेला काकाकुवा एकदा पाहिला की तशा अंगणातले फोटो मागायला मन धजत नाही. शिवाय ताटलीवरच्या पक्ष्याचा चेहरा सगळीकडे सारखाच येतो. झाडाशी त्याचे जे चाललेले असते ते चित्रात उतरत नाही, आणि मला तर त्यातच खरा रस आहे.

राहता राहिली तयारी. तिपाई आणू नकोस, झुडपांपाशी ती अडगळच होईल. त्याऐवजी बोटे उघडी राहणारे लोकरी हातमोजे आणि कानटोपी आण, कारण मे महिन्यात पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि बर्फासारख्या गार झालेल्या बटणांवर बोट वळत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दोन जादा ठेव आणि आतल्या खिशात ठेव. ट्रेकिंगचे बूट निघण्यापूर्वी तळव्यांच्या खाचांतील माती निघेपर्यंत ब्रशने घासून धू आणि विमानतळावरच्या अर्जात ते न विसरता नोंदव. इथले जैवसुरक्षा अधिकारी चिखलाच्या एका ढेकळासाठीही थांबवून ठेवतात, आणि लपवले तर दंड करतात. वहिनींना सांग की मेतकूट चालेल की नाही हे मी नियम पाहून कळवतो, घरचे तूप आणि बियाणे मात्र अजिबात नको. तिकिटांच्या तारखा ठरल्या की लगेच लिही, म्हणजे त्या आठवड्यात कोणती झुडपे लाल झाली आहेत, ते मी आधीच फिरून पाहून ठेवीन.

तुझा,
सुहास