मधल्या पाण्याचं कोणी काही लिहीतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रयान ही खोल समुद्रात माणसं उतरवायची आपली मोहीम आणि तिची मत्स्य 6000 ही पाणबुडी, यांच्या बातम्या मी आपल्या पेपरात नेमाने वाचतो, तीन माणसं टायटॅनियमच्या गोळ्यात बसून 6,000 मीटर खाली जाणार म्हटल्यावर कोणालाही भारीच वाटणार, मलाही वाटतं. पण दर बातमीत तेच, तळाला मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं असलेले गोटे पडलेत, मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर आपल्या वाट्याला आलेत, खजिनाच खजिना. वर लाटा, खाली खजिना आणि मधलं चार-पाच किलोमीटर पाणी जसं काही रिकामंच! अहो, पृथ्वीवर जीवांना राहायला सगळ्यात मोठी जागा तीच आहे आणि तिच्यावर एक ओळ नाही.

आपल्या अरबी समुद्राचंच घ्या ना. किनारा सोडून खोल पाण्यात गेलं की साधारण दीडशे मीटरपासून पार हजार मीटरपर्यंत एक थर आहे, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तुम्ही म्हणाल मग तिथे राहणार कोण, तर राहतात, आणि थव्याथव्याने राहतात. लँटर्नफिश म्हणून मासा आहे, बोटाएवढा, डोळे मोठे, आणि पोटाखाली बारीक दिव्यांच्या रांगा, शर्टाला बटणं असतात तशा. हे दिवे मिरवायला नाहीत हं. वरून जो अंधुक निळा उजेड झिरपत येतो ना, साधारण तेवढाच उजेड हा पोटातून सोडतो, मग खालून शिकाऱ्याने वर बघितलं तरी त्याची सावली दिसत नाही. दिवसभर हा त्या बिनऑक्सिजनच्या पाण्यात गपगार पडून असतो, मोठ्या माशांना तिथे दम लागतो म्हणून याला जरा निवांतपणा, आणि अंधार पडला की शेकडो मीटर वर येऊन चरतो, पहाटे परत खाली. आणि हा एकटा नाही, कोळंबी, माकूल, जेलीफिश, डोळ्याला जेमतेम दिसतील असले बारके जीव, सगळे रोज रात्री वर आणि रोज सकाळी खाली, जगातल्या सगळ्या महासागरांत. प्राण्यांचं याहून मोठं स्थलांतर पृथ्वीवर नाही, तरी टीव्हीवर बघावं तर दरवर्षी आफ्रिकेतली तीच नदी आणि त्याच मगरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या सोनारवर, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्रावर, समुद्राचा तळ दिवसा एका जागी आणि रात्री वर सरकलेला दिसायचा, आता तळ कसा हलेल, तर तो तळ नव्हताच, हीच जनावरं होती.

यांच्यावरच खोल पाण्यातला कुपा, तलवार मासा, डॉल्फिन जगतात. शिवाय रात्री वर खाल्लेलं हे दिवसा खाली जाऊन टाकतात, म्हणजे हवेतून पाण्यात आलेला कार्बन आपोआप खोल जातो, फुकटात. मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे बारके जीव), विष्ठा, शेंबूड यांचे कण दिवसरात्र भुरभुरत खाली पडत असतात आणि जिथे उजेड पोचतच नाही तिथली बहुतेक मंडळी त्यावरच पोट भरतात.

आता माझा मुद्दा. ते गोटे पाइपातून वर खेचले की सोबत तळाचा गाळ आणि पाणी येणार, जहाजावर गोटे वेगळे केले की उरलेलं गढूळ पाणी परत समुद्रातच सोडणार, दुसरीकडे कुठे नेणार? मधल्या पाण्यात सोडलं तर तिथल्या जीवांना गाळाची सवयच नाही, पाणी गाळून खाणाऱ्यांच्या पोटात अन्नाच्या जागी माती जाईल, आणि एकमेकांचे दिवे बघून जोडीदार नि शिकार शोधणाऱ्यांना दिसणार काय, कप्पाळ! तळाचं तर बघायलाच नको. पेरूजवळच्या समुद्रात 1989 ला प्रयोग म्हणून तळ नांगरून ठेवला होता, 26 वर्षांनी जाऊन बघितलं तर चर तसेच. गोटा वाढतो तो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

मी काही विरोधाचा झेंडा घेऊन उभा नाही, बॅटरीला कोबाल्ट लागतो एवढं कळतं. पण गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 ला स्थापन झालेली, आपला वार्ताहर तिथे पाठवायला कितीसा खर्च येतो? रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याला अर्धं पान जातं, एकदा ते या मधल्या पाण्याला द्या. वाचक मिळतील, काळजी नको, आपला बोंबील ज्या गणातला आहे त्यातले कितीतरी भाऊबंद खोल समुद्रातलेच आहेत म्हटलं तरी कोकणातला माणूस पेपर खाली ठेवणार नाही.

आणि पुढच्या वेळी खाणकामाची बातमी कराल तेव्हा अधिकाऱ्यांना एवढं विचारा, गाळाचं पाणी नेमकं किती मीटरवर सोडणार, आणि त्या खोलीवर दिवसा कोण असतं नि रात्री कोण असतं याची मोजणी झालीये का. उत्तर मिळालं की आकड्यांसकट छापा.

आपला,
एक वाचक, देवगड