रॉयल आयसिंग आणि कोल्हापूरचा पाऊस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या महिलांसाठीच्या पुरवणीत राखीपौर्णिमेच्या निमित्ताने घरच्या घरी शुगर कुकीज करून त्यांवर रॉयल आयसिंगने राखीची नक्षी कशी काढावी, याची कृती छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली होती. कृती नेटकी होती, प्रमाणे बरोबर होती, आणि चित्रे पाहून कोणालाही करून पाहावेसे वाटावे अशी होती. मात्र तिच्या शेवटी, कुकीज रात्रभर उघड्या ठेवाव्यात म्हणजे सकाळपर्यंत आयसिंग कडक वाळते, असे एक वाक्य होते. हे पत्र मी त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे, कारण श्रावणातल्या कोल्हापुरात आयसिंग सकाळपर्यंत वाळत नाही. गेली सहा वर्षे राजारामपुरीतील माझ्या स्वयंपाकघरात मी हे काम करीत आहे आणि ती कृती वाचून ज्या भगिनींनी कुकीज केल्या असतील, त्यांपैकी अनेकींना सकाळी ताटात चिकट लगदा दिसला असेल, याची मला चिंता वाटते. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, एवढे तरी त्यांना कोणी सांगायला हवे.

रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि अतिशय बारीक दळलेली साखर यांचे फेटलेले मिश्रण. या आयसिंगचे नाव राणी व्हिक्टोरियाच्या 1840 सालच्या विवाहातील केकशी जोडले जाते. त्यात लोणी नसते, साय नसते, ते शिजवायचे नसते आणि भाजायचेही नसते. ते घट्ट होते ते केवळ त्यातील पाणी हवेत उडून गेल्यामुळे. म्हणजे आपण कितीही कौशल्याने नक्षी काढली, तरी शेवटचे निम्मे काम हवा करते. साखरेचा स्वभाव ओलावा ओढून घेण्याचा आहे. हवेतील आर्द्रता सुमारे 85 टक्क्यांच्या पुढे गेली की साखरेचा कण स्वतःहून पाणी धरू लागतो आणि विरघळू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये, पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडलेले असते आणि दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा आपल्याकडे ही पातळी अनेकदा ओलांडली जाते. अशा हवेत आयसिंगने पाणी सोडायचे तरी कुठे?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. हे काम सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी राखीपौर्णिमेसाठी मी चाळीस कुकीज करून देण्याचे कबूल केले होते. पांढऱ्या पायावर लाल गोंडा आणि पिवळी नक्षी, असा तो घाट होता. रात्री अकराला काम संपवले, कुकीज ताटांत मांडून झाकण न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवल्या आणि समाधानाने झोपले. सकाळी पाहिले तर लाल रंग पांढऱ्यात उतरला होता, नक्षीच्या रेघा फुगून एकमेकींत मिसळल्या होत्या आणि वरची साय जाड वाटत असली तरी बोट टेकवताच आत ओले लागत होते. त्या आयसिंगचे पाणी पिऊन खालची कुकीही मऊ पडली होती. ज्या ताईंनी त्या मागवल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन मला सर्व पैसे परत करावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या लेकीचा उतरलेला चेहरा मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी विचार करू लागले की आपल्या आजी-पणजींना साखरेचे काम येत नव्हते का? उत्तम येत होते. संक्रांतीचा काटेरी हलवा हे साखरेचे केवढे नाजूक काम आहे! मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा साबुदाणा घेऊन त्यावर चमचा-चमचा पाक सोडायचा, हाताने हळूहळू फिरवत राहायचे आणि तासन्‌तास बसून दाण्यादाण्यावर काटा फुलवायचा. त्या हलव्याचे मग नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी दागिने गुंफायचे. हे काम पौष-माघाच्या कोरड्या थंडीत होते, कारण काटा थंडीतच चांगला येतो. साखरेच्या गाठी होळी-पाडव्याला, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या उन्हात होतात. उलट पावसाळ्यातले आपले सण पाहा. नागपंचमीला पुरणाची दिंडं, नारळी पौर्णिमेला नारळी भात, गणपतीला उकडीचे मोदक. सारे वाफेवरचे, ओलसर आणि त्याच दिवशी संपवायचे पदार्थ. डब्यात भरून ठेवायच्या शंकरपाळ्या आणि करंज्या पाऊस सरल्यावर, दिवाळीत येतात. हा क्रम कोणी ग्रंथात लिहून ठेवला असेल वा नसेल, पण तो हवेकडे पाहून ठरलेला आहे याबद्दल मला शंका नाही. रॉयल आयसिंग हे त्याच घराण्यातले काम आहे, आणि त्यालाही हंगाम आहे हे आपण मान्य केले पाहिजे.

तरीही एखादीला पावसाळ्यात करायचेच असेल, तर ते अशक्य नाही. मी तीन वर्षांपूर्वी घड्याळाएवढा एक आर्द्रतामापक घेतला आणि तेव्हापासून वहीत नोंदी ठेवते. आर्द्रता 55 ते 60 टक्के असताना माझे आयसिंग आठ-दहा तासांत वाळते, 70 च्या आसपास पूर्ण एक दिवस लागतो, आणि 80 च्या पुढे दोन दिवस ठेवूनही मनासारखे होत नाही. म्हणून पावसात कुकीज स्वयंपाकघरात ठेवू नयेत, कारण तिथे कुकरची वाफ असते. ज्या खोलीत दोऱ्यांवर ओले कपडे वाळत घातलेले आहेत तिथे तर मुळीच ठेवू नयेत. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी पावसाळ्यात अशी एक खोली असतेच. लहान, बंद खोली निवडावी, वातानुकूलन यंत्र असेल तर ते कोरड्या हवेच्या पर्यायावर लावावे, नसेल तर टेबलपंखा कुकीजवर सरळ वारा येईल असा ठेवावा. पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर लवकर धरतो, त्यामुळे लहान भाग मध्येच खचून खड्डा पडत नाही आणि आयसिंगला एक सुरेख चकाकीही येते. ओव्हन गरम करून त्यात वाळवण्याचा मोह टाळावा. उष्णता थोडी जास्त झाली तर कुकीतील लोणी वितळते आणि आयसिंगवर तेलकट डाग उमटतात. फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण बाहेर काढताच थंड पृष्ठभागावर दव जमते आणि रंग धावतात.

मिश्रणातही फरक करावा लागतो. ब्रिटनमध्ये केकवरचे आयसिंग फार कडक होऊ नये म्हणून त्यात थोडे ग्लिसरिन घालतात, आणि तिकडच्या कृती जशाच्या तशा उतरवून घेताना ते आपल्याकडेही येते. ग्लिसरिन ओलावा धरून ठेवते. आपल्या पावसाळ्यात तो धरून ठेवायची गरज नाही, म्हणून ते गाळावे. एका अंड्याचा पांढरा भाग साधारण 30 ग्रॅम भरतो, त्याला सुमारे 180 ग्रॅम आयसिंग शुगर मी कोरड्या दिवसांत घेते, तर पावसात 200 पर्यंत जाते. भांडे आणि फेटणी यांना तुपाचा अंशही लागलेला नसावा, नाहीतर पांढरा बलक फुगत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलकटपणा चिकटून राहतो, त्यामुळे स्टीलचेच घ्यावे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा असल्याने साखरेची उणीव नाही, पण घरच्या मिक्सरमध्ये दळलेल्या पिठीसाखरेत कण राहतात आणि ते आयसिंग भरून नक्षी काढायच्या कोनाच्या टोकाशी अडकतात. ती मलमलच्या कापडातून दोनदा गाळल्याशिवाय वापरू नये.

दाटपणा ओळखणे ही या कामाची खरी विद्या आहे, आणि छायाचित्रातून ती कळत नाही. बाह्यरेघेसाठी आयसिंग असे हवे की चमचा उचलल्यावर त्याचे टोक उभे राहून किंचित वाकेल. आत भरायचे आयसिंग त्याच्यात थेंब-थेंब पाणी घालून सैल करायचे. वाटीत सुरीने एक रेघ ओढावी आणि ती रेघ मिटून पृष्ठभाग सपाट व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजावे. दहा ते पंधरापर्यंत मोजून होईतो मिटली तर भरण्यासाठी योग्य. पाचातच मिटली तर ते रेघेबाहेर ओघळणार आणि वाळायलाही दुप्पट वेळ घेणार. पावसाळ्यात मी पंधराच्या खाली जात नाही. मिश्रणावर हवेत लगेच पापुद्रा धरतो, म्हणून काम चालू असताना वाटीवर ओले फडके घट्ट पिळून झाकावे लागते. पावसातही पापुद्रा धरतो, फक्त आतले वाळत नाही. त्यामुळेच तर वरून हात लावून फसगत होते. ओल्यावर ओला रंग सोडून नक्षी ओढण्याची पद्धत सुंदर दिसते, पण लाल आणि पांढरा शेजारी असतील तर ती कोरड्या महिन्यांसाठी राखून ठेवावी. आधी पांढरा थर पूर्ण वाळू द्यावा, मग लाल रेघ काढावी. हात बसलेला नाही म्हणून घाबरणाऱ्या मुलींना मी नेहमी सांगते की तुम्ही मेंदीचा कोन धरलेला आहे, अंगणात रांगोळी काढलेली आहे. कोन पृष्ठभागाला टेकवायचा नाही, थोडा वर धरून रेघ पडू द्यायची, हे तुमच्या मनगटाला आधीपासून ठाऊक आहे.

खालच्या कुकीबद्दल थोडक्यात लिहिते. पुष्कळजणी विचारतात की नानकटाईवर हे काढता येईल का. दिवाळीत रवा-तुपाचे डबे घेऊन बेकरीबाहेर रांगेत उभे राहून भाजून आणलेली नानकटाई मला फार प्रिय आहे, पण ती पसरते, वर तडकते आणि तिच्यातले तूप आयसिंगमध्ये उतरते. शुगर कुकीच्या पिठात बेकिंग पावडर अगदी कमी किंवा मुळीच नसते. ते सहा मिलिमीटर जाडीचे लाटून, आकार कापून, थंड करून 175 अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजतात, म्हणून कडा सरळ राहतात. कुकी पूर्ण निवाल्याशिवाय आयसिंगला हात लावू नये.

श्रावणाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि त्या लेखात ती राहून गेली होती. आपल्या कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा आवडीने खाणारी कितीतरी घरे श्रावणभर अंड्यालाही शिवत नाहीत. राखीची कुकी दिसायला मिठाईसारखी असते, त्यामुळे त्यात अंडे आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. आयसिंगमधले अंडे तर कच्चेच असते, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंची बाधा होऊ शकते. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यासाठी हा धोका घेणे मला योग्य वाटत नाही. मेरिंग पावडर वापरली तर हा धोका टळतो, परंतु ती अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या बलकाचीच असते आणि तिच्या पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असते. पूर्ण शाकाहारी करायचे तर काबुली चणे शिजवलेले पाणी आटवून, थंड करून फेटले की त्याचाही फेस उभा राहतो. मी दोन वर्षे श्रावणात तेच वापरते. त्याचे आयसिंग थोडे उशिरा वाळते, पण देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. कोणतेही वापरा, पण डब्यावर ठळक अक्षरांत लिहा.

रंगांविषयीही सावधगिरी हवी. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी केवळ आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि शेजारच्या कर्नाटकाने मार्च 2024 मध्ये रोडामाइन-बी या घातक रंगामुळे बुढ्ढी के बालवर कारवाई केली, हे अनेकांना आठवत असेल. सुटा, विनालेबल रंग कितीही झळाळीचा असला तरी घेऊ नये. सोनेरी भुकटीच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेले असले म्हणजे ती खाण्यायोग्य ठरत नाही, त्यावर खाद्य असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. गडद लाल रंग आदल्या दिवशीच थोडा फिका कालवून ठेवावा, रात्रीत तो आपोआप खुलतो. एकदम जास्त रंग घातला तर चव कडवट होते आणि आयसिंग वाळतही नाही.

माझी आपणांस विनंती अशी आहे की या विषयावरचा पुढचा लेख आपण दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास छापावा आणि त्यासाठी इथले विषय घ्यावेत. कोल्हापुरी साजाची पाने, चपलेची वेणी, पन्हाळ्याची तटबंदी, रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस, हे सारे रॉयल आयसिंगमध्ये किती देखणे दिसेल! देवदेवतांची चित्रे मात्र कुकीवर काढू नयेत असे मला मनापासून वाटते, कारण ती शेवटी दातांखालीच जातात. आणि पावसाळ्यात कृती छापायचीच असेल, तर 'रात्रभर ठेवा' याऐवजी 'वरचा थर बोटाने दाबला असता दबेनासा होईपर्यंत आणि त्याचा चिकटपणा जाईपर्यंत पंख्याखाली ठेवा, मग त्याला एक दिवस लागो वा दोन', एवढा बदल जरूर करावा.

आपली नम्र,
एक वाचक भगिनी,
राजारामपुरी, कोल्हापूर