हिचचा राजीनामा का वगळला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘ॲपलूसा’ या वेस्टर्न चित्रपटावरचा लेख वाचला. मित्रासाठी कायदा धाब्यावर बसवणाऱ्या बंदूकबाजांची ही गोष्ट आहे, हा त्यातला निष्कर्ष मला मान्य नाही.

एड हॅरिस यांनी २००८ साली दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा काळ १८८२ चा आणि मुलूख न्यू मेक्सिकोचा. व्हर्जिल कोल (स्वतः हॅरिस) आणि एव्हरेट हिच (व्हिगो मॉर्टेन्सन) गावाचा बंदोबस्त हाती घेतात तो कारभाऱ्यांकडून आधी लेखी अधिकार घेऊन. आणि रँडल ब्रॅग या मुजोर जमीनदाराने आधीच्या मार्शलचा, म्हणजे गावच्या कायदारक्षकाचा, खून केलेला असूनही त्याला परस्पर न उडवता न्यायाधीशापुढे उभा करतात. फाशीची शिक्षा झालेला ब्रॅग निसटतो आणि पुढे चक्क राष्ट्राध्यक्षांची माफी मिळवून त्याच गावात हॉटेलमालक म्हणून प्रतिष्ठेने वावरू लागतो. आता कोलचे हात बांधलेले, कारण त्याची सत्ता ज्या सहीशिक्क्याच्या कागदावर उभी, तशाच कागदाने ब्रॅग सुटलेला असतो.

अशा वेळी हिच आधी पदाचा राजीनामा देतो, मगच ब्रॅगला समोरासमोर आव्हान देऊन ठार करतो आणि गाव सोडतो. लेखात या राजीनाम्याचा उल्लेखच नाही! कायद्याच्या नावाने जे करता येत नाही ते तो स्वतःच्या नावावर करतो आणि त्यापायी मित्राची सोबत गमावतो. याला न्याय म्हणावे का, याविषयी माझे मन अजून द्विधा आहे. पण कायदा धाब्यावर बसवणे ते हे नव्हे.

त्यांची मैत्री दिसते ती मात्र गोळीबाराबाहेर. वाचनाची हौस असलेला कोल मोठा शब्द वापरायला जातो, अडखळतो आणि हिच तो शब्द हळूच पुरवतो. (हिंदीच्या गराड्यात मराठी बोलणाऱ्या आम्हा ग्वाल्हेरकरांना असल्या मित्राचे मोल वेगळे सांगायला नको.)

लेखात ब्रॅगच्या माफीची चंबळच्या बागींच्या (दरोडेखोरांच्या) आत्मसमर्पणाशी केलेली तुलना तर मुळीच पटली नाही. एप्रिल १९७२ मध्ये चंबळ खोऱ्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोहरसिंग, माधोसिंग यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे भरसभेत बंदुका ठेवल्या आणि नंतर तुरुंगवासही भोगला. ब्रॅगने खाली काय ठेवले? तो आला तो नवा कोट चढवून.

या चित्रपटावर पुन्हा लिहिणे झालेच, तर हिचचा राजीनामा वगळू नये, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर