संगणकाच्या विनोदाखाली दोन ओळी कारणही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आपण संगणकाच्या खोडींवरचे विनोद छापलेत. मी ते पोटभर हसून वाचले आणि पान कापून आमच्या इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर लावलं. नागपूरच्या महाल भागात आमचे टायपिंगचे वर्ग आहेत. सकाळी परीक्षेची पोट्टे-पोट्ट्या येतात, दुपारी पेन्शनर मंडळी आणि घरची कामं उरकून आलेल्या बायका.

पोट्टे हसून मोकळे झाले. दुपारच्या बॅचला मात्र हसू येईना. ही माणसं पडदा अडकला की माउस सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. कोणी हाक मारत नाही. मी जवळ गेले की काकू हळूच म्हणतात, "मॅडम, मी काहीच नाही केलं जी, आपोआपच झालं हे." घरी नातवंडांनी "आजी, तू काय दाबलं?" असं इतक्यांदा विचारलेलं असतं की दोष आपलाच, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : असा विनोद छापाल तेव्हा त्याखाली खरं कारणही छापा.

फोल्डरला सी-ओ-एन हे नाव देता येत नाही, हा त्यातलाच एक विनोद. 'बिल गेट्सलाही हे कोडं सुटलं नाही' असा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. साफ खोटं आहे ते. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, हुकूम टाइप करून संगणक चालवायची प्रणाली. १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. तो १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीबरोबर आला. त्याआधीच कळफलक आणि पडद्यासाठी कॉन, प्रिंटरसाठी पीआरएन अशी नावं राखून ठेवलेली होती. आम्ही तेव्हा 'कॉपी कॉन' आणि पुढे फाइलचं नाव लिहायचो, मजकूर टाइप करायचो, कंट्रोल-झेड दाबून एंटर मारला की फाइल तयार! फोल्डर आले तरी जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच राहिली. आज एखाद्या ठेकेदाराने 'कन्स्ट्रक्शन'ची पहिली तीन अक्षरं टाकली आणि संगणकाने ती नाकारली, तर त्यात त्याची काय चूक?

विंडोज ९५ सलग पन्नास दिवस चाललेलं कोणी पाहिलं नाही, हा विनोदही जवळपास खराच आहे. त्यातला मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) मोजणारा आकडा ४,२९,४९,६७,२९६ ला पुन्हा शून्यावर यायचा. म्हणजे ४९.७ दिवस. मग यंत्र थिजायचं.

दुपारच्या बॅचला मी एक प्रसंग हमखास सांगते. एप्रिल १९९८, शिकागोचं कॉमडेक्स हे संगणकांचं प्रदर्शन. व्यासपीठावर खुद्द बिल गेट्स. सहकाऱ्याने विंडोज ९८ दाखवायला स्कॅनर जोडला आणि भरल्या सभागृहात मोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन आला, म्हणजे विंडोजच कोसळलं! लोक हसले, टाळ्या वाजल्या. म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, असं गेट्स म्हणाले आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. हे ऐकलं की आमच्या काकांच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. बनवणाऱ्यासमोर जे कोसळतं, ते आपल्यासमोर कोसळलं तर खाली मान कशाला घालायची?

आपल्या पानावरची एक गोष्ट मात्र पटली नाही. १९ जुलै २०२४ ला जगभर संगणक बंद पडले, त्या गोंधळाचं सगळं खापर विंडोजवर फोडलं आहे. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण सदोष अपडेट क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं होतं. तिचं सॉफ्टवेअर सिस्टीमच्या अगदी गाभ्यात चालत असल्यामुळे सुमारे ८५ लाख संगणक पडले. गाभ्यात इतरांना इतकी मोकळीक का, हा प्रश्न विंडोजला जरूर विचारा. पण चूक कोणाची, हे तरी नीट लिहा.

आणि पुढच्या वेळी विनोदाला विंडोज १० चा विषय घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट बंद झाली. बरेच जुने संगणक चांगले चालत असूनही विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, कारण त्यांतल्या अनेकांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. सीताबर्डीच्या झेरॉक्सच्या दुकानांपासून घरोघरी असे संगणक आहेत. यावर विनोद खूप होतील, पण 'आता आम्ही काय करायचं?' याचं उत्तर त्याच पानावर मिळायला हवं.

कारणं लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. अक्षर तेवढं मोठं ठेवा. मागच्या पानावरची बारीक छपाई आमच्या दुपारच्या बॅचला वाचवत नव्हती.

आपली,
एक टायपिंग शिक्षिका, महाल, नागपूर