जुलैत घड्याळ मागे कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कॅनडाच्या माळरानावरचा लेख वाचला. सस्कॅचवान प्रांतातल्या 371 नंबरच्या रस्त्याला तुम्ही अख्खं पान दिलंत, बरं वाटलं. आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांना कधी चार ओळी मिळाल्या नाहीत. असो.

लेखकमहाशय सांगतात, रिचमाउंड गाव मागे टाकून शेजारच्या अल्बर्टा प्रांताच्या सीमेवर आलात की घड्याळ एक तास मागे करा. आणि प्रवास जुलैतला! अहो, जुलैत दोन्हीकडे एकच वेळ असते. लॉइडमिन्स्टरसारखी सीमेवरची गावं सोडली, तर 1966 च्या कायद्यापासून सस्कॅचवानमध्ये कोणी घड्याळाला हात लावत नाही. अल्बर्टावाले मार्चमध्ये काटे तासभर पुढे ढकलतात, नोव्हेंबरात मागे आणतात. तासाचा फरक पडतो तो थंडीत.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमची 2018 ची भाऊबीज याच तासाने खाल्ली. मी मुलाकडे अल्बर्टातल्या मेडिसिन हॅटला होतो, मावसबहीण सीमेपलीकडे सस्कॅचवानात, फॉक्स व्हॅलीच्या बाजूला. तिची सात वाजता रात्रपाळी, म्हणून साडेपाचला या म्हणाली. चिरंजीव उन्हाळ्यात दोनदा जाऊन आलेले. म्हणाले, "बाबा, टाइम सेम आहे." आपले काटे मागच्याच रविवारी हलले आणि तिकडचे जागेवरच आहेत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पोहोचलो तेव्हा माझ्या घड्याळात 5.20, तिच्या भिंतीवर 6.20. बाई कोट चढवून, गाडी सुरू करून दारात उभी. ओवाळणं अंगणातच, काळोखात. निरांजन वाऱ्याने दोनदा विझलं. तिसऱ्यांदा तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि ओवाळलं. करंज्यांचा डबा माझ्या हातात, पाकीट तिच्या खिशात, आणि गेली. परतताना सीमेवर गेलेला तास परत मिळाला. त्याचं काय लोणचं घालू?

बाकी 'सीमा ओलांडण्याचा थरार' वाचून हसू आलं. 110 अंश रेखांशावरची ती सीमा. ना चौकी, ना पावती, नुसती पाटी. मी बेळगावकडचा, मला थरार कसला सांगता?

आणि वाटेत 'बघण्यासारखं काहीच नाही' म्हणे. काही नाही, कारण होतं ते गेलं. धान्याच्या रेल्वे वाहतुकीचं अनुदान कॅनडाच्या केंद्र सरकारने 1995 मध्ये बंद केलं. मग त्या भागातल्या आडमार्गाच्या रेल्वेलाइनी धडाधड उखडल्या, लाकडी एलिव्हेटर, म्हणजे रुळांकडेची उंच धान्यकोठारं, पाडले, आणि तोच गहू, तीच मसूर ट्रकांत भरून असल्या बारक्या रस्त्यांवर आली. लेखकांची कंबर ज्या डांबरावर मोडली, ते कशाने फुटलं हे एका ओळीत सांगता आलं असतं. घरी येऊन त्यांनी आमटी ओरपली असेल, तर तीही कदाचित तिकडच्याच मसुरीची.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे

ता. क. पुरवणीतल्या बारीक टाइपाबद्दलचं माझं मागच्या महिन्यातलं पत्र तुम्ही छापलं नाहीत. हे छापलंत तर कृपया मोठ्या टाइपात. बहिणीला कात्रण पाठवायचं आहे, तिलाही आता चष्मा लागलाय.